वसईच्या खाडीकांठचें वाङ्मय

भाईंदर स्टेशनाच्या पूर्वेस केबिन रोड नांवाचा एक गजबजलेला रस्ता आहे. अननस, काजू आणि पाव हे तिन्ही जिन्नस तेथल्या गिऱ्हाइकाच्या रोजच्या परिचयाचे. रस्त्याच्या नांवांतील केबिन हा शब्द इंग्रजी आहे. पाव हा पोर्तुगीजांनीं दिलेला. अननस व काजू हे शब्द त्याहूनहि दूरचे, ब्राझील देशाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या तुपी लोकांच्या भाषेंतले आहेत. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज गलबतांतून हीं फळें आपल्या किनाऱ्यास लागलीं आणि स्वतःचीं नांवें बरोबर घेऊन आलीं. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आतां त्याची वार्ताहि नसते.

शब्द आले, रुजले आणि घरचे झाले. पण या खाडीकांठानें स्वतः कांहीं लिहिलें काय? उत्तरेस सोपारा आणि दक्षिणेस साष्टी, मधून वाहणारी वसईची खाडी, अशा या टापूचें स्वतःचें म्हणण्याजोगें वाङ्मय आहे काय? मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत शोधूं गेल्यास बहुधा निराशाच पदरीं पडते. ज्ञानेश्वरी नेवाशाची, लीळाचरित्र ऋद्धिपूरचें, दासबोधाचें नांव शिवथरच्या घळीशीं जोडलेलें. उत्तर कोंकणच्या वांट्यास चार ओळी आल्या तरी पुष्कळ. परंतु ही उपेक्षा वस्तुस्थितीला धरून नाहीं. या किनाऱ्यानें पुष्कळ लिहिलें. मात्र तें येथें छापलें गेलें नाहीं, आणि त्यांतला एक मोठा ग्रंथ तर देवनागरी लिपींतहि नव्हता. नजरेआड राहिलें तें त्यामुळें.

काळाच्या ओघांत अगदीं मागें गेलें तर पहिला लेख दगडावरचा सांपडतो. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्यास बुरुड राजाच्या कोटाचें उत्खनन केलें. विटांच्या त्या स्तूपांतून दगडी करंडा निघाला. करंड्यांत बुद्धमूर्ति होत्या, सोन्याचीं फुलें होतीं. त्याच सालीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा त्यांच्या हातीं आला. शिकारीच्या सहली सोडून राजानें धर्मयात्रा आरंभिल्या, ही हकीकत त्या लेखाची. पुढें १९५६ सालीं जवळच्याच भुईगांवास नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. लग्नकार्यांत, आजारपणांत आणि प्रवासास निघतांना लोक जे क्षुद्र विधि करीत बसतात, त्यांवर राजानें त्यांत बोट ठेविलें आहे. बावीसशे वर्षांपूर्वींचा हा उपदेश सोपारकरांनीं कितपत मानला, तें मात्र विचारूं नये.

सोपारा तेव्हां शूर्पारक होतें आणि मोठें बंदर होतें. दिव्यावदान या बौद्ध कथासंग्रहांत तेथल्या पूर्ण नांवाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. पूर्ण हा सावकाराचा दासीपुत्र. घराच्या वांटणींत त्याच्यावर अन्याय झाला, म्हणून तो स्वतःच्या हिकमतीवर व्यापाराला लागला आणि समुद्रावर सहा सफरी करून धनाढ्य झाला. सातव्या सफरींत श्रावस्तीचे कांहीं व्यापारी त्याच्या गलबतावर होते. रात्रीं आणि पहाटे ते बुद्धवचनें मोठ्यानें म्हणत. हीं गाणीं कसलीं, असें त्यानें विचारलें. गाणीं नव्हेत, हीं बुद्धाचीं वचनें, असें उत्तर मिळालें आणि त्याच्या जन्माची दिशाच पालटली. या किनाऱ्याच्या पहिल्या कथेचा नायक ग्रंथ वाचून बदलला नाहीं, कानांवर पडलेल्या पद्यानें बदलला. हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे, कारण हाच प्रकार पुढें सतराव्या शतकांत पुन्हां दिसावयाचा आहे.

मधल्या काळांत ठाण्याचे शिलाहार राजे होऊन गेले. त्यांच्या दरबारची विद्या संस्कृतांत होती. अकराव्या शतकांत लाट देशांतून आलेल्या सोड्ढल नांवाच्या कायस्थ कवीनें छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि या तिघां भावांच्या आश्रयाचा उल्लेख करून उदयसुंदरीकथा नांवाचा चंपू रचला. तो छापून निघाला १९२० सालीं, बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत. बाराव्या शतकांतील अपरादित्य राजा तर स्वतःच ग्रंथकार. याज्ञवल्क्यस्मृतीवरील त्याची टीका अपरार्क या नांवानें ओळखली जाते आणि पुण्याच्या आनंदाश्रमानें ती विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रसिद्ध केली. या टीकेला काश्मीरच्या पंडितांत फार मान होता. कोंकणच्या राजाचा ग्रंथ हिमालयाच्या पायथ्याशीं कसा पोंचला? काश्मिरी कवि मंख यानें आपल्या श्रीकंठचरितांत एका विद्वत्सभेचें वर्णन केलें आहे आणि कोंकणचा राजा अपरादित्य याचा वकील तेजःकंठ तीत बसलेला दाखविला आहे. वकिलानें राजाची पोथीहि बरोबर नेली असावी, असा तर्क करण्यास हरकत नाहीं. ठाण्याच्या राजाचा ग्रंथ ठाण्याबाहेरच अधिक वाचला गेला, एवढें तरी त्यावरून दिसतें.

मराठींत या टापूची हकीकत प्रथम सविस्तर सांगणारा ग्रंथ म्हणजे महिकावतीची बखर. महिकावती म्हणजे केळवें-माहीम. वि. का. राजवाडे यांनीं ही बखर लांबलचक प्रस्तावनेसह १९२४ सालीं प्रसिद्ध केली. ती एका हातची नव्हे. निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या लेखकांनीं लिहिलेलीं प्रकरणें तींत एकत्र बांधलेलीं आहेत, कांहीं गद्यांत तर कांहीं पद्यांत. त्यांतला जुना भाग केशवाचार्याचा, शके १३७० मधला, म्हणजे इसवी सन १४४८ चा. बिंब राजानें उत्तरेकडून येऊन हा किनारा कसा वसविला, बरोबर कोणकोणतीं कुळें आणिलीं, कोणास कोणतें गांव दिलें, याची ती जंत्री आहे. कुळें, गोत्रें आणि गांवें यांच्या त्या याद्या वाचतांना आधुनिक वाचक कंटाळेल. पण ज्या लेखकानें त्या लिहिल्या त्याला तो शृंगार नव्हता. राज्य गेलें होतें, मुसलमानी अंमल बसला होता, आणि कोणाचें वतन कोणतें हें सांगणारे वृद्ध एकेक करून नाहींसे होत होते. मालाडचा देसला नायकोराव याला देवीनें स्वप्नांत येऊन महाराष्ट्रधर्म राखावयास सांगितलें, अशी हकीकत बखरींत येते. आज जेथें लोकलगाडी क्षणभर थांबते त्या मालाडांत, शिवछत्रपतींच्या जन्माआधीं पावणेदोनशे वर्षें, महाराष्ट्रधर्म हा शब्द एका कोंकणी लेखकानें कागदावर उतरविला होता. राजवाड्यांनीं या शब्दापाशीं थांबून पानेंच्या पानें लिहिलीं, त्यांत नवल नाहीं.

बखरीच्या या जुन्या भागानंतर शंभर वर्षांच्या आंतच फिरंगी आले. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई आणि तिच्या ताब्यांतला मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि दोनशें वर्षें खाडीच्या दोन्ही कांठांवर त्यांचा अंमल राहिला. येथें ब्राझीलची गोष्ट पुन्हां येते. पोर्तुगीजांच्या राज्यांत भाईंदरचा कोळी आणि बाहियाच्या किनाऱ्यावरचा तुपी हे दोघे एकाच राजाचे प्रजाजन होते. १५०० सालीं हिंदुस्थानाकडे निघालेला काब्राल वाटेंत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. त्याच्या आरमारावरचा लेखनिक पेरू वाझ द कामिन्य यानें तेथून राजाला जें पत्र लिहिलें, त्याला ब्राझीलच्या वाङ्मयाचा आरंभ मानतात. तें पत्र लिहिणारा पुढें काब्रालबरोबर हिंदुस्थानांत आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कालिकतच्या दंग्यांत मारला गेला असें मानलें जातें. पत्र छापलें गेलें तें १८१७ सालीं. ब्राझीलांत १८०८ पर्यंत छापखाना कायमचा असा टिकला नव्हता. तेव्हां पोर्तुगालचा राजदरबार नेपोलियनच्या भयानें तेथें पळाला आणि त्याच्या मागोमाग छपाई आली. तोंवर बाहियाचा प्रसिद्ध उपहासकवि ग्रेगोरियु द मातुश याच्या कविता हस्तलिखितांतूनच फिरत राहिल्या. आंशिएता नांवाच्या जेझुइट पाद्र्यानें ब्राझीलच्या किनाऱ्यावरील भाषेचें व्याकरण लिहिलें, पण तें १५९५ सालीं पोर्तुगालांत, कोइंब्रा येथें, छापावें लागलें. ज्या भाषेनें आपणांस अननस आणि काजू दिले, तीच ही भाषा.

गोव्याचें नशीब जरा बरें. तेथें १५५६ सालींच छापखाना आला होता. १५६३ मध्यें गार्सिया द ओर्टा या वैद्याचा वनस्पति व औषधि यांवरील ग्रंथ तेथें छापला गेला. मुंबई बेट या वैद्याकडे खंडानें होतें, आणि साष्टींतील लेण्यांविषयींहि त्यानें लिहून ठेविलें आहे. १६१६ सालीं फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचें ख्रिस्तपुराण रायतूर येथें निघालें. रायतूर हें साष्टी तालुक्यांतलें, परंतु ती साष्टी गोव्याची, ठाण्याची नव्हे. या दोन साष्टींची गल्लत पुष्कळ ठिकाणीं होते. स्टीफन्सला आपला मराठी ग्रंथ मराठी अक्षरांतच छापावयाचा होता. १६०८ सालच्या पत्रांत त्यानें तशी इच्छा दर्शविली. खिळे पाडणें साधलें नाहीं, आणि हजारों ओव्या रोमन लिपींत छापल्या गेल्या.

उत्तरेकडे वसईस मोठमोठे मठ होते, पाठशाळा होती, तटबंदींत सरदारांचे वाडे होते. छापखाना मात्र नव्हता. म्हणून या किनाऱ्यावरच्या मराठींतला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ १६५९ सालीं लिस्बन शहरीं छापला गेला. ग्रंथकार फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइंश हे उत्तर पोर्तुगालांतून आलेले धर्मगुरू. ग्रंथाचें नांव पोर्तुगीजांत लांबलचक आहे, पण लोकांनीं त्याला पुराण हेंच नांव दिलें. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या दुःखभोगापर्यंत आणि मरणापर्यंतची कथा त्यांत पद्यांत सांगितली आहे. लिपि रोमन, वर्णरचना पोर्तुगीज उच्चारांच्या धर्तीची. आणि भाषा मात्र मुंबई, साष्टी आणि वसई येथल्या शेतकऱ्यांची, कोळ्यांची, भंडाऱ्यांची.

येथें जरा थांबावयास हवें. स्टीफन्सनें मराठी कवींचे ग्रंथ अभ्यासिले होते. त्याच्या ओवीला एकनाथकालीन पंडिती वळण आहे, संस्कृत शब्दांचा डौल आहे. म्हणूनच मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं त्याला आनंदानें आपल्या पंक्तीला बसविलें. गिमाराइंशच्या पुराणाला तो मान मिळाला नाहीं. त्याची भाषा अशुद्ध ठरली. व्याकरणाच्या दृष्टीनें ओबडधोबड, पोर्तुगीज शब्दांनीं भरलेली. पण जिला अशुद्ध म्हटलें तिच्यांतच त्या ग्रंथाचें मोल आहे. सतराव्या शतकांत या खाडीकांठीं माणसें घरांत कशीं बोलत, याचा एवढा मोठा लेखी पुरावा दुसरा मिळणें कठीण. देशावरचा शिष्ट ग्रंथकार आपल्या शेजाऱ्याची बोली पोथींत येऊं देत नसे. परक्या पाद्र्याला शिष्टाशिष्टतेची ती जाणीव नव्हती. कानांवर पडलें तसें त्यानें आपल्या लिपींत उतरविलें. अज्ञानाचाहि क्वचित् असा उपयोग होतो.

या पुराणाचें पुढें काय झालें, तें अधिक मनोवेधक आहे. उपवासकाळांत, म्हणजे ईस्टरच्या आधींच्या चाळीस दिवसांत, ख्रिस्ती वस्त्यांतून तें गाइलें जात असे. पुस्तक फार थोड्यांच्या घरीं आणि रोमन अक्षर वाचणारेहि थोडेच. परंतु एकानें सांगावें आणि बाकीच्यांनीं म्हणावें, या रीतीला अक्षरओळखीची गरज नसते. हरिविजय किंवा पांडवप्रताप चातुर्मासांत जसे लावीत, तसेंच हें. धर्म बदलला होता. पुराण ऐकण्याची संवय बदलली नव्हती. गोव्यांत १६८४ सालीं एतद्देशीयांनीं आपली भाषा तीन वर्षांत सोडावी असें सरकारी हुकमानें फर्माविण्यांत आलें. पूर्णाच्या गलबतावर जें पहाटे ऐकूं आलें, तें आणि उपवासकाळांतलें हें पुराण यांत अडीच हजार कोसांचें अंतर असेल. पण कानांनीं टिकवून धरलेल्या वाङ्मयावर फर्मानाचा अंमल चालत नाहीं, हें दोहोंकडे सारखेंच.

१७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टींत पाऊल टाकलें. ठाणें आणि घोडबंदर हातीं आलें. खाडीच्या मुखाशीं उत्तनजवळच्या डोंगरावर धारावीचें ठाणें होतें; मुंबईंतली धारावी ती निराळी. ही जागा १७३९ च्या आरंभीं मराठ्यांनीं घेतली आणि वसईची समुद्राकडून होणारी रसद अडली. मे १७३९ मध्यें वसई पडली. या युद्धानें जें मराठी गद्य निर्माण केलें तें आवर्जून वाचावें असें आहे. चिमाजी आप्पांनीं ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सुरुंग, खंदक, पडलेले बुरूज आणि कामास आलेलीं माणसें यांचें वर्णन आहे, आणि शत्रु कसा लढला हेंहि मोकळ्या मनानें सांगितलें आहे. अलंकार जवळजवळ नाहींत. पेशवे दफ्तरांतून निवडलेल्या कागदांच्या मालेंत गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं वसईच्या मोहिमेस स्वतंत्र भाग दिला, म्हणून हे कागद सामान्य वाचकांस मिळूं लागले. साष्टीची बखर या नांवाची आणखी एक जुनी हकीकत आहे. अंजूरच्या नाइकांनीं या प्रकरणांत काय खटपट केली तें तीवरून समजतें.

वसई पडली तेव्हां युरोपी पाद्री निघून गेले, मठ ओस पडले. पुराण राहिलें. ज्यांच्या अंमलांत तें लिहिलें गेलें ते गेले, आणि ज्यांच्या भाषेंत तें लिहिलें गेलें ते तेथेंच शेती व मासेमारी करीत राहिले. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनीं घेतली. एकोणिसाव्या शतकांत त्या पुराणाच्या आवृत्ति मुंबईंत छापल्या जाऊं लागल्या. लिस्बनहून निघाल्यावर दीडशे वर्षांहून अधिक काळानें ग्रंथ आपल्या वाचकांच्या जवळ आला. १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, या समाजानें ईस्ट इंडियन हें नांव घेतलें. गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती नोकरदारांपासून आपण निराळे, कंपनीच्या जुन्या मुलखांतले, हें दाखविण्याचा त्यांत हेतु होता. नांव इंग्रजी, घरांतली बोली मराठी. ग्रिअर्सननें १९०५ सालीं भाषापाहणीचा मराठी खंड काढला, तेव्हां कोळी आणि आगरी यांच्या बोलींबरोबर ठाणें जिल्ह्यांतील ख्रिस्ती लोकांच्या किरिस्तांव बोलीचीहि नोंद मराठीच्या पोटांत केली. विद्वान् लोकांपेक्षां या सरकारी अधिकाऱ्याचा कान अधिक तीक्ष्ण होता, असें म्हणावें लागतें. पुढें अ. का. प्रियोळकर यांच्यासारख्या संशोधकांनीं जुन्या ख्रिस्ती मराठी ग्रंथांकडे मराठी वाचकाचें लक्ष वेधलें.

विसाव्या शतकांत वसईनें स्वतःची लेखणी उचलली. सुवार्ता हें मासिक १९५५ पासून निघूं लागलें. त्यांत धर्माबरोबर शेती, पाणी, निवडणूक आणि कविता यांना जागा मिळाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं पुष्कळ वर्षें तें चालविलें. वसई तालुक्यांतील नंदाखालचे हे धर्मगुरू हरित वसईच्या चळवळीनें महाराष्ट्राला ठाऊक झाले. वाढत्या शहराकडे वसईचें विहिरींचें पाणी जाऊं लागलें, जमिनी इमारतींखालीं जाऊं लागल्या. त्याविरुद्ध केळी-पानवेलीच्या वाड्या कसणाऱ्या हिंदु व ख्रिस्ती शेतकऱ्यांना त्यांनीं एकत्र उभें केलें. त्यांचें गद्य साधें आणि स्वच्छ आहे. वसईच्या लेखकांत कविता लिहिणाऱ्या सिसिलिया कार्व्हालो आहेत, आणि उत्तर वसईंतल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाच्या चालीरीती व बोली टिपून ठेवणारे फादर फ्रान्सिस कोरिया हेहि आहेत. या सामवेदी बोलीला कादोडी असेंहि म्हणतात. शिकलेलीं मुलें ती बोलावयास संकोचतात अशी तक्रार वडीलधाऱ्यांकडून ऐकूं येते. गिमाराइंशच्या पुराणाला अशुद्ध ठरविणारी जी दृष्टि, तीच येथें घरांत शिरली आहे.

खाडीच्या अलीकडे भाईंदरास मिठागरें होतीं, आगर होते. आतां मीरा-भाईंदर ही महानगरपालिका आहे. केबिन रोडवर मराठीच्या जोडीला गुजराती, मारवाडी आणि हिंदी ऐकूं येतात. उत्तन, डोंगरी आणि गोराई या बाजूस मात्र कोळी व ईस्ट इंडियन यांचीं जुनीं गांवें अद्यापि आहेत, आणि त्यांच्या बोलण्यांत सतराव्या शतकांतल्या त्या पुराणाच्या भाषेची खूण पटते.

दिब्रिटो यांचें सर्वांत मोठें काम म्हणजे सुबोध बायबल. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या मरणापर्यंतची आणि त्यापुढचीहि ती कथा, म्हणजे गिमाराइंशनें लिस्बनास छापविली तीच. या खेपेस ती रोजच्या मराठींत आणि देवनागरी अक्षरांत आली, आणि ती सांगणारा वसईचाच होता. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें, ज्याला आतां धाराशिव म्हणतात, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ९३ वें अधिवेशन भरलें, त्याचे ते अध्यक्ष झाले. त्या पदावर येणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २५ जुलै २०२४ रोजीं त्यांचें निधन झालें.